चप्पल निसटते, पण पायाला कळत नाही

ठाणे स्थानकात लोकलमधून उतरताना तोल गेला की लगेच म्हटलं जातं, ‘चक्कर आली, अशक्तपणा असेल.’ एचआयव्हीसह बरीच वर्षं जगणाऱ्यांच्या बाबतीत हे निदान पुष्कळदा चुकतं. डोकं गरगरत नसतं, पायात ताकदही असते. पावलांची खबर तेवढी मेंदूपर्यंत धड पोचत नाही.

तोल सांभाळायला मेंदू डोळे, अंतर्कर्ण आणि पावलं-घोटे अशा तिघांचं ऐकतो. पायाच्या अंगठ्याचा स्पर्श कळवणारी चेतापेशी ही एकच सलग पेशी असते. तिचं केंद्रक कमरेच्या कण्याजवळ आणि टोक अंगठ्यात, म्हणजे लांबी जवळपास 1 मीटर. टोकाला लागणारी बहुतेक प्रथिनं कमरेजवळ तयार होऊन खाली जातात, आणि पेशीतली जलद वाहतूकसुद्धा दिवसाला फार तर 40 सेंटीमीटर पुढे सरकते. या वाहतुकीला ऊर्जा पुरवतात मायटोकॉन्ड्रिया. भारतात 2004 साली मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार, सुरू झाली, तेव्हा वापरात असलेलं स्टॅव्हुडिन हे औषध विषाणूच्या प्रती बनणं थांबवता थांबवता मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए घडवणारं पॉलिमरेज गॅमा हे विकरही अडवत असे. विषाणू स्वतः चेतापेशीत शिरत नाही, पण त्याच्या आवरणातलं जीपी120 हे प्रथिन आणि भोवतालचा दाह तिला इजा करतात. सर्वांत लांब तार आधी मरते. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तसा वर सरकतो.

स्टॅव्हुडिन आता दिलं जात नाही, पण गेलेली टोकं पूर्ण परत येतातच असं नाही. मधुमेह, बी12ची कमतरता, दारू आणि क्षयरोगावरचं आयसोनियाझिड यांनीही नसा बिघडतात. आयसोनियाझिडसोबत बी6 देतात ते यासाठीच. मुंग्या आल्या म्हणून एआरटी स्वतःहून थांबवू नका, डॉक्टरांना सांगा. चुंबकीय तळवे आणि तांब्याची कडी यांनी एकही नस जिवंत होत नाही.

ओळखायचं कसं? गादीवर चालल्यासारखं वाटतं, चप्पल निसटलेली कळत नाही, बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना झोक जातो. एआरटी केंद्रात 128 हर्ट्झचा चिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, अंगठ्यावर टेकवून कंप जाणवतो का ते पाहायला सांगा. रोम्बर्ग चाचणीत पावलं जुळवून उभं राहायचं, मग डोळे मिटायचे. उघड्या डोळ्यांनी स्थिर असलेला माणूस डोळे मिटताच डोलू लागला, तर संशय पायांच्या नसांवर किंवा अंतर्कर्णावर जातो. घरी करायचीच तर कोपऱ्यात, शेजारी माणूस उभा करून.

मला सर्वांत मोलाची वाटते ती बोटाच्या टोकाची मदत. भिंतीला 100 ग्रॅमहून कमी दाबाने बोट टेकवलं तरी शरीराचं डोलणं घटतं. एवढा दाब शरीराला पेलू शकत नाही. पायांनी न दिलेली माहिती बोट देतं. म्हणून सराव ओट्याशी करा: एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांपुढे, 10 सेकंद, बोट टेकलेलं, जमलं की बोट उचला. डोळे मिटून एकट्याने नको.

जाड, मऊ फोमची चप्पल उरलीसुरली माहितीही दाबून टाकते. पातळ, टणक तळव्याची आणि मागे पट्टा असलेली घ्या. अनवाणी फिरू नका, जखम कळणार नाही. रात्री बाथरूमला जाताना दिवा आधी लावा, मग पाय खाली टाका.