रोग स्वच्छतेमुळे गेले, लसीमुळे नव्हे?

‘गोवर, डांग्या खोकला हे आजार स्वच्छतेमुळे आणि चांगल्या आहारामुळेच गेले, लसींना उगाच श्रेय मिळतं,’ हा दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो पटतो. शुद्ध पाण्याने कॉलरा, विषमज्वर आटोक्यात आले, चांगल्या आहाराने गोवराचे मृत्यूही कमी झाले. पण गोवराची लागण हवेतून होते. नळाचं पाणी कितीही स्वच्छ असलं तरी ती थांबत नाही.

जपानचं उदाहरण पाहा. 1974 मध्ये तिथे डांग्या खोकल्याचे चारशेहून कमी रुग्ण होते. दुष्परिणामांच्या भीतीने लसीकरण जवळपास 80 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर घसरलं. 1979 मध्ये रुग्ण 13 हजारांवर गेले आणि 41 मृत्यू झाले. त्या पाच वर्षांत जपान काही अस्वच्छ झाला नव्हता! पुढे कमी त्रासाची सुधारित लस आली, लोक परतले, साथ ओसरली.

आणि हा प्रश्न फक्त आपल्या मुलापुरता नाही. गोवर रोखायला सुमारे 95 टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. तेवढं झालं, तरच लस घेण्याचं वयही न झालेली तान्ही बाळं सुरक्षित राहतात.