पांढऱ्या पेशींचा वेग आणि त्यांची दिशा: कीमोकायनेसिस व कीमोटॅक्सिस

जखमेत जिवाणू शिरले की रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीची भिंत ओलांडून तेथे गोळा होतात. जिवाणूंकडून येणारे फॉर्मिल पेप्टाइड, शरीरातील पेशींनी स्रवलेले इंटरल्यूकिन-८ आणि ल्यूकोट्राइन बी-४ ही त्यांना खेचणारी काही रसायने होत. या रसायनांचे पेशींवर दोन निरनिराळे परिणाम होतात आणि ते पुष्कळदा एकच मानले जातात.

कीमोकायनेसिसमध्ये पेशीची हालचाल वाढते, पण तिला ठरावीक दिशा नसते. कीमोटॅक्सिसमध्ये पेशी रसायन जिकडे अधिक असेल तिकडे वळते. न्यूट्रोफिलच्या पृष्ठभागावर सर्वत्र ग्राहक, म्हणजे रसायनाचे रेणू पकडणारी प्रथिने, असतात, आणि तिच्या दोन टोकांपाशी रसायनाच्या प्रमाणात सुमारे १ टक्का फरक असला तरी तिला तो ओळखता येतो. ज्या बाजूचे ग्राहक अधिक भरतात तेथे ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे वाढून पेशी पुढे सरकते, तर मागे मायोसिन या दुसऱ्या प्रथिनामुळे होणाऱ्या आकुंचनाने तिचे शेवटचे टोक ओढले जाते. माझ्या मते न्यूट्रोफिलच्या साऱ्या कामांत हेच सर्वांत थक्क करणारे आहे.

हे दोन परिणाम प्रयोगात वेगळे करणे सोपे नव्हते. स्टीफन बॉयडन यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत सच्छिद्र पडद्याच्या वर पेशी आणि खाली रसायन ठेवून पडद्यात उतरलेल्या पेशी मोजल्या जात. परंतु रसायनाने केवळ वेग वाढला, तरीही पडद्यात अधिक पेशी उतरणारच. सॅली झिग्मंड आणि जेम्स हर्श यांनी १९७३ मध्ये पडद्याच्या दोन्ही बाजूंना रसायनाची वेगवेगळी प्रमाणे ठेवून ही अडचण सोडवली: दोन्हीकडे प्रमाण सारखे असताना जी वाढ दिसते ती कीमोकायनेसिसची, आणि खाली प्रमाण अधिक असताना त्याहून जास्त जी वाढ दिसते ती कीमोटॅक्सिसची. अशी तुलना न करता केवळ पेशी मोजून एखाद्या रसायनाला ‘आकर्षक’ म्हणणे मला घाईचे वाटते.

एकच रसायन दोन्ही परिणाम घडवू शकते. मात्र त्याचे प्रमाण सगळीकडे इतके वाढले की ग्राहक सर्व बाजूंनी भरून गेले, तर पेशीला दिशा उमगत नाही. रक्तातच असे रसायन वाढले, तर रक्त आणि दाह झालेली ऊती यांच्यातील प्रमाणाचा फरक पुसट होतो. सशांवरील प्रयोगांत इंटरल्यूकिन-८ थेट शिरेतून दिल्यावर दाहाच्या जागी जमणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी वाढण्याऐवजी कमी झाल्या.