ग्रसनी

ग्रसनी : नाक, तोंड व स्वरयंत्र यांच्या मागे, कवटीच्या तळापासून मानेच्या सहाव्या मणक्यापर्यंत उतरणारी, प्रौढांत सु. १२ ते १४ सेंमी. लांबीची स्नायुमय नळी. खाली ती अन्ननलिकेत विलीन होते. वरून खाली तिचे नासाग्रसनी, मुखग्रसनी व स्वरयंत्रग्रसनी असे तीन भाग मानतात. मध्यकर्णाला घशाशी जोडणारी यूस्टेशियन नलिका नासाग्रसनीत उघडत असल्याने मुलांच्या घशातील संसर्ग पुष्कळदा मध्यकर्णापर्यंत पोहोचतो. माशाचा काटा अडकतो तो बहुधा मुखग्रसनीत, म्हणजे टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी.

भित्तीतील ऊर्ध्व, मध्य व अधः हे तीन संकोचक (आवळणारे) स्नायू एकात एक बसवलेल्या पेल्यांप्रमाणे रचलेले असून प्रत्येक खालचा स्नायू वरच्याला बाहेरून अंशतः झाकतो. त्यांचे तंतू पाठीमागे मध्यरेषेवरील शिवणीत मिळतात. शरग्रसनी, तालुग्रसनी व नलिकाग्रसनी हे तीन उभे स्नायू गिळताना ग्रसनी वर उचलतात. शरग्रसनी स्नायूला नववी मस्तिष्क तंत्रिका (मेंदूतून निघणारी नस) मिळते; इतरांना प्राणेशा, म्हणजे दहावी. जुने ग्रंथ या दुसऱ्या तंत्रिका तंतूंचा उगम अकराव्या तंत्रिकेच्या मस्तिष्क मुळात दाखवतात. परंतु ते प्राणेशेच्याच प्रेरक केंद्रकातून निघून तिच्यातूनच वाटचाल करीत असल्याने त्यांना तिचेच मानणे अधिक सोयीचे दिसते.

अधः संकोचकाच्या खालच्या, मुद्रिका उपास्थीपासून (स्वरयंत्राच्या तळाच्या कडीसारख्या कूर्चेपासून) निघणाऱ्या आडव्या तंतूंविषयी मतभेद आहेत. काही शरीररचनाशास्त्रज्ञ त्यांना संकोचकाचाच भाग समजतात, तर काही स्वतंत्र स्नायू. त्यांच्या तंत्रिकापुरवठ्यात प्राणेशेच्या स्वरयंत्राकडे जाणाऱ्या प्रत्यावर्ती (मागे वळणाऱ्या) शाखेचा वाटा किती, याबाबतही वर्णने जुळत नाहीत. कार्याच्या दृष्टीने मात्र दुसरे मत ग्राह्य वाटते, कारण वरचे तिरपे तंतू केवळ गिळताना आकुंचन पावतात, तर हे आडवे तंतू एरवी आवळलेले राहून श्वासाबरोबर हवा अन्ननलिकेत जाऊ देत नाहीत आणि गिळतानाच क्षणभर सैल पडतात. नुसते सैल पडणे पुरत नाही. त्याच वेळी स्वरयंत्र वर व पुढे ओढले जाते, तेव्हा अन्ननलिकेचे हे द्वार उघडते. गळ्याच्या उंचवट्यावर बोट ठेवून आवंढा गिळला की ही हालचाल हाताला लागते.

तिरप्या व आडव्या तंतूंमध्ये मागील भित्तीवर एक दुबळी जागा राहते. जर्मन कंठतज्ज्ञ किलियन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे वर्णन केले. आडवे तंतू वेळेवर सैल न पडल्यास वरचा दाब वाढून येथून श्लेष्मल आवरण बाहेर फुगते व पिशवी तयार होते. वृद्धांत न पचलेले अन्न तासाभराने तोंडात परत येणे, हे तिचे ठळक लक्षण होय. या विकाराला एर्लांगेनचे विकृतिशास्त्रज्ञ झेंकर यांचे नाव मिळाले ते १८७७ च्या ग्रंथामुळे. तथापि ब्रिस्टलच्या लडलो यांनी एक रुग्ण त्याआधी शतकभर नोंदवला होता. त्या नोंदीसाठी १७६४ व १७६९ ही दोन्ही वर्षे दिलेली आढळतात.

मृदुतालू (टाळूचा मागचा मऊ भाग) उचलला जाताना नासाग्रसनीच्या मागील भित्तीवर उमटणाऱ्या आडव्या कडेकडे फ्रँकफर्टचे शल्यविशारद पासाव्हां यांनी १८६० च्या दशकात लक्ष वेधले. ती ऊर्ध्व संकोचकाची की तालुग्रसनीच्या तंतूंची, यावर एकमत नाही. दुभंगलेल्या टाळूच्या रुग्णांत ती ठळक असते. अनेक निरोगी व्यक्तींत मात्र दिसतच नाही.