आलं की सुंठ? अदलाबदल कुठे खपते आणि कुठे बरणी फसते

सुंठ म्हणजे वाळवलेलं आलं. हे खरंच आहे आणि सगळा घोटाळा त्यातूनच होतो. आलं संपलं म्हणून चिमूटभर सुंठ टाकायची, सुंठ नाही म्हणून बोटभर आलं किसायचं, असं आपण सर्रास करतो. कधी ते खपून जातं, तर कधी त्यापायी अख्खी बरणी वाया जाते.

ताज्या आल्यात जवळपास 80 टक्के पाणी असतं. ते उडालं की चार-पाच किलो आल्याची किलोभर सुंठ उरते. फरक एवढाच असता तर सुंठ भिजवून पुन्हा आलं मिळालं असतं. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल या घटकामुळे असतो. वाळताना त्यातल्या काही भागाचं शोगाओल होतं आणि ते साधारण दुप्पट जहाल असतं. ताज्या आल्याला लिंबाच्या सालीची आठवण करून देणारा जो वास येतो, तो मात्र वाळताना बराचसा उडून जातो. म्हणून आलं आधी नाकाला कळतं, मग जिभेला. सुंठ थेट घशाशी जाते आणि तिथेच रेंगाळते.

आल्याची आणखी एक गंमत आहे. ते बराच वेळ शिजलं की जिंजेरॉल मवाळ होतं आणि चव गोडसर होत जाते. त्यामुळे फोडणीत घातलेलं आलं आणि गॅस बंद करताना किसून घातलेलं आलं, हे जवळजवळ दोन वेगळे जिन्नस समजावेत.

पुस्तकी प्रमाण सांगायचं तर एक मोठा चमचा किसलेल्या आल्याऐवजी पाव छोटा चमचा सुंठपूड. रश्शात हे निभावतं. बिस्किटं, केक यांत मात्र मी सुंठच घेते. पूड पिठात सगळीकडे सारखी पसरते, किसलेलं आलं ओलसर पुंजके करून बसतं. कोरड्या मसाल्यात तर ताज्या आल्याचा विचारही नको, त्यातल्या ओलीने डबा बुरसटतो. आणि परतलेल्या भाजीत सुंठ घातली की भाजीला काढ्याचा वास येतो. हे माझं मत, पण ठाम आहे.

दुधाची गोष्ट वेगळी. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं. त्यानेच मांस लुसलुशीत होतं, दूध फाटतं आणि जिलेटिनची जेली सेटच होत नाही. ते उकळीने निकामी होतं, म्हणून आलं आधी पाण्यात उकळावं, दूध मागाहून. अगर-अगर (समुद्री शेवाळापासून मिळणारा जेली जमवणारा पदार्थ) जिलेटिनसारखं प्रथिन नाही, त्यामुळे त्याच्या जेलीला या एन्झाइमचा त्रास नाही.

खरी निवड करावी लागते ती साखरेच्या पाकाशी गाठ पडल्यावर. पारदर्शक जेली किंवा मार्मलेड करायचं असेल तर सुंठपूड घालू नका. ती विरघळत नाही, सगळं गढूळ दिसतं आणि तळाशी साका बसतो. त्याऐवजी अख्ख्या सुंठीचा तुकडा बत्त्याने जरासा ठेचावा, मलमलच्या फडक्यात बांधावा आणि फळांबरोबर उकळत सोडावा. पाक होत आला की पुरचुंडी पिळून बाहेर काढायची. ऊब उतरते, कचरा राहत नाही. जॅममध्ये दाताखाली तुकडे हवे असतील तर मात्र ताजं आलंच लागतं.

तेही कोवळं. पाच-सहा महिन्यांत काढलेल्या आल्याची साल पातळ असते, नखाने निघते, आणि आत दोरे जवळजवळ नसतात. त्याची गुलाबी टोकं आंबटात पडली की रंग आणखी खुलतो. जून आलं जास्त तिखट असतं, पण आडवं मोडलं की दोरे लोंबतात. पाकातल्या तुकड्यांना ते नको. रस काढायला किंवा किसायला उत्तम.

पहिल्यांदा पाकातलं आलं केलं तेव्हा मी कच्चे कापच थेट दाट पाकात सोडले. तासाभराने हाती आल्या त्या चामड्याच्या चकत्या. साखरेने आतलं पाणी ओढून घेतलं होतं, काप आक्रसले होते आणि नंतर कितीही उकळले तरी मऊ झाले नाहीत. आता आधी साध्या पाण्यात सुरी सहज आरपार जाईपर्यंत शिजवते. मग पातळ पाक, रात्रभर मुरवण, दुसऱ्या दिवशी तोच पाक आटवून दाट करायचा. पहिलं पाणी टाकून दिलं तर तिखटपणा उतरतो. मला तिखट आवडतं, म्हणून पाक त्याच पाण्यात करते.

एक धोका मात्र चवीपलीकडचा. ताजं आलं ठेचून नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवू नये. आलं पुरेसं आंबट नसतं आणि तेलाखाली हवा नसते. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूला हेच मानवतं. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली असेल तर तो वाढत नाही, म्हणून लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये नीट बुडालेल्या आल्याची गोष्ट निराळी. तेलातलं करायचंच तर चार दिवसांत संपेल एवढंच, आणि तेही फ्रिजमध्ये.

राहिली बाटलीतली तयार पेस्ट. तिच्यात बहुतेकदा मीठ आणि आम्ल असतं. रश्शात कुणाला पत्ताही लागत नाही, पण जॅममध्ये ती पहिल्याच घासाला पकडली जाते.