वस्ती आधी, बस नंतर : पुण्याच्या सार्वजनिक वाहतुकीची पार्श्वभूमी

स्वारगेटहून मेट्रोत बसून पंधरा-वीस मिनिटांत शिवाजीनगर ओलांडता येते, याचे पुणेकरांना अजून अप्रूप आहे. असणारच. ज्यांनी आयुष्यभर थांब्यावर उभे राहून पाटीवरचा 'मनपा' शब्द दुरून ओळखायचा सराव केला, त्यांना वेळापत्रकाप्रमाणे येणारी गाडी नवलाचीच वाटते. पण हे नवल इतक्या उशिरा का वाट्याला आले? रस्ते अरुंद आहेत आणि लोक शिस्त पाळत नाहीत, एवढ्या उत्तराने माझे समाधान होत नाही. पुणे ज्या क्रमाने वाढले, त्या क्रमातच या उशिराचे मूळ आहे, असे मला वाटते.

मुंबईशी तुलना केली तर हा क्रम चटकन लक्षात येतो. तिथे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि पुढच्या शंभर वर्षांत उपनगरे स्थानकांभोवती वसत गेली. दादर, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड ही नावे एका दोरीत ओवावीत तशी रुळांच्या कडेने आहेत. गाडी आधी होती, घर मागून आले. पुण्यात नेमके उलटे झाले.

रेल्वे पुण्यातही लवकर पोचली, १८५८ साली. पण स्थानक उभे राहिले पूर्वेला, लष्कराच्या बाजूला, आणि गाव होते मुठेच्या काठी, पेठांमध्ये. कसबा, शनिवार, सदाशिव, नारायण या पेठांमधल्या माणसाला रोजच्या कामासाठी रेल्वेची गरजच नव्हती. शाळा, मंडई, कचेरी, देऊळ सगळे पायी जाण्याच्या अंतरात होते आणि स्टेशन गाठायला टांगा होता. पुण्याची रेल्वे म्हणजे मुंबईला जाण्याची रेल्वे. १९२९-३० च्या सुमारास मुंबई-पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि १ जून १९३० ला दख्खनची राणी सुरू झाली. डोक्यावर विजेच्या तारा आल्या, खाली दुहेरी रूळ होते, वाटेवर खडकी, चिंचवड, तळेगाव होते. तरीही पुणे-लोणावळा लोकल सुरू व्हायला १९७८ साल उजाडले. मधली अठ्ठेचाळीस वर्षे मला या इतिहासातली सर्वात मोठी हुकलेली संधी वाटतात, कारण याच काळात शहराने आपला आकार ठरवला.

नदीपलीकडे जाण्याची सुरुवात लकडी पुलाने झाली. १९१५ च्या नगररचना कायद्यानंतर भांबुर्ड्याच्या, म्हणजे आजच्या शिवाजीनगरच्या बाजूला आखीव रस्ते आणि प्लॉट पडले, डेक्कन जिमखान्याची वसाहत उभी राहिली. ही वाढ नेमस्त होती. सायकलवर दहा मिनिटांत पेठेत परत येता येत होते, म्हणून बसचा प्रश्न कुणाला भेडसावला नाही. पुणे सायकलींचे शहर झाले ते याच अंतरांमुळे. सपाट रस्ता, बेताचे ऊन आणि चार-पाच किलोमीटरच्या आत सगळे जग, असे असताना सायकल विकत घेणाऱ्याला बसची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

बस आली ती चाळिसाच्या दशकात, 'सिल्व्हर ज्युबिली मोटर्स' या खासगी कंपनीची. १५ फेब्रुवारी १९५० ला पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली आणि त्याच वर्षी पालिकेने बससेवा आपल्या हाती घेतली. तीच पीएमटी. तेव्हा शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या आत होती आणि पीएमटीचा पसारा त्या शहराला पुरेल असा होता. स्वारगेट, डेक्कन, मनपा, पुणे स्टेशन या चार-पाच ठिकाणांना जोडणारे मार्ग तेव्हा आखले गेले. आजही बसचे जाळे त्याच केंद्रांभोवती फिरते, हे लक्षात ठेवायला हवे.

नंतर दोन गोष्टींनी गावाची शिवण उसवली.

पहिली १२ जुलै १९६१ ची. पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवसाच्या आठवणी पुण्यातल्या घराघरांत सांगितल्या जातात, पण पुराच्या दुसऱ्या दिवसापासून जे घडले त्याची चर्चा कमी होते. हजारो कुटुंबांना नवी जागा द्यायची होती. गोखलेनगर, लोकमान्यनगर, पर्वतीच्या पायथ्याची सहकारनगरची बाजू, दत्तवाडी अशा ठिकाणी पूरग्रस्तांच्या वसाहती, निसेन हट म्हणजे अर्धगोल पत्र्याची तात्पुरती घरे, आणि सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या. घर देणे ही निकड होती आणि ती सरकारने पार पाडली. पण पेठेत ज्याचे दुकान, नोकरी, मुलांची शाळा होती, तो माणूस एका पावसाळ्यात तीन-चार किलोमीटर दूर गेला. रोजचे येणे-जाणे त्याच्या गळ्यात पडले, आणि घर देताना त्याचा हिशेब कुणी मांडला नाही. संकटाच्या घाईत तो राहून जाणे समजू शकते. तीच सवय पुढे संकट नसतानाही चालू राहिली, हे मात्र समजत नाही.

दुसरी गोष्ट उद्योगांची. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले. १९६२ साली एमआयडीसी, म्हणजे राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळांवर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने. राज्यभरातून माणसे आली. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले, १९७४ साली पीसीएमटी ही वेगळी बससेवा सुरू झाली आणि १९८२ साली महानगरपालिका.

पण या कामगाराला कारखान्यात कोणी नेले? मोठ्या कंपन्यांनी स्वतःच्या बस लावल्या. पहिल्या पाळीची बस पहाटे कोपऱ्यावर यायची आणि त्या बसच्या वेळेवर अख्ख्या आळीचे घड्याळ चालायचे. ज्याच्या कंपनीची बस होती तो सुखी. छोट्या कारखान्यातला कामगार सायकलवर, नंतर सहा आसनी रिक्षात दाटीवाटीने बसून जायचा. कंपनीच्या बसने एक प्रश्न सोडवला आणि दुसरा झाकला. हजारो लोकांचा रोजचा, ठरल्या वेळेचा प्रवास सार्वजनिक बसकडे आलाच नाही. बससेवा भक्कम करावी म्हणून ज्यांचा आवाज पोचला असता, तोच संघटित वर्ग दुसऱ्या गाडीत बसलेला होता. पुढे हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये कंपन्यांच्या बस आणि कॅब यांनी हेच चित्र पुन्हा रंगवले.

उरलेली पोकळी दुचाकीने भरली. बजाजची चेतक १९७२ साली आली आणि लुनाही त्याच सुमाराची. ज्या आकुर्डीला पोचायला धड बस नव्हती, त्याच आकुर्डीत बनलेली स्कूटर घराघरांत शिरली. स्कूटर घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. बस येत नाही म्हटल्यावर मुलांना शाळेत आणि स्वतःला कामावर पोचवायला दुसरा मार्ग नव्हता. पण प्रत्येक स्कूटरबरोबर बसचा एक प्रवासी कमी झाला, प्रवासी कमी झाले म्हणून फेऱ्या विरळ झाल्या, आणि फेऱ्या विरळ झाल्या म्हणून आणखी एकाने स्कूटर घेतली. २०१८ च्या सुमारास शहरातल्या नोंदणीकृत वाहनांनी लोकसंख्येला मागे टाकल्याच्या बातम्या आल्या, त्यामागे चार दशकांचे हे रहाटगाडगे होते.

यावर उपाय कुणाला सुचलाच नाही, असे नाही. १९८७ च्या विकास आराखड्यात शहराच्या आतून फिरणारा एक वर्तुळाकार मार्ग, एचसीएमटीआर, केवळ जलद सामूहिक वाहतुकीसाठी राखून ठेवला होता. सुमारे छत्तीस किलोमीटरचा. तेव्हा कोथरूड पूर्ण भरले नव्हते, बाणेरला शेती होती. या कल्पनेचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण वस्तीच्या आधी वाट राखण्याचा तो पुण्यातला दुर्मीळ प्रयत्न होता. पण आरक्षण नकाशावर राहिले आणि त्याच्या भोवती इमारती उठल्या. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये त्यावर खासगी गाड्यांच्या मार्गिकाही आल्या आणि ज्यासाठी तो आखला होता ते कारणच पातळ झाले. त्यावर आजवर एकही बस धावलेली नाही.

दरम्यान हद्द वाढतच होती. १९९७ साली आसपासची गावे पालिकेत आली, २०१७ साली आणखी ११, २०२१ साली आणखी २३. प्रत्येक वेळी क्रम तोच. आधी गावाच्या जमिनीवर सोसायट्या, मग टँकर, मग पालिका आणि सर्वात शेवटी बस.

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या सुमारे साडेसोळा किलोमीटरच्या मार्गावर बीआरटी सुरू झाली. बससाठी स्वतंत्र मार्गिका असलेला देशातला हा पहिला प्रयोग. कुरितिबा आणि बोगोटा या दक्षिण अमेरिकेतल्या शहरांनी मेट्रोच्या खर्चाच्या काही अंशात लाखो लोकांना वेगाने नेऊन दाखवले होते आणि केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेतून पैसाही उपलब्ध होता. कल्पना अचूक होती. पण तयारी अर्धवट असताना फीत कापली गेली. थांबे रस्त्याच्या मध्यभागी, आणि तिथवर पोचायला सुरक्षित वाट नाही. मार्गिकेत दुचाक्या घुसायच्या. बस जुन्याच. रस्ता ओलांडताना माणसे दगावली आणि 'बीआरटी' हा शब्दच बदनाम झाला. २००९ साली अहमदाबादने हीच व्यवस्था नीट बांधून सुरू केली, तेव्हा पुण्यात तिची टिंगल चालली होती. याचा मला आजही विषाद वाटतो. २०१५ साली 'रेनबो' नावाने संगमवाडी-विश्रांतवाडी आणि औंध-रावेत मार्गांवर ती बऱ्याच सुधारित रूपात परतली, पिंपरी-चिंचवडच्या रुंद रस्त्यांवर रुजलीही. नगर रस्त्यावर मात्र ती उखडून टाकण्यात आली.

२००७ साली पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. दोन शहरांना एक बससेवा मिळाली हे योग्यच झाले, कारण निगडीहून कात्रजला जाणाऱ्याला हद्द कुठे बदलते याच्याशी देणेघेणे नसते. पण तोट्याची भरपाई पुणे ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के अशी वाटली गेली आणि दरवर्षीची चर्चा तुटीभोवतीच अडकली. २०११ च्या जनगणनेत दोन्ही शहरे मिळून साडेअठ्ठेचाळीस लाखांवर पोचली होती. नवे डेपो, नव्या गाड्या आणि वाहक-चालकांची भरती हे विषय त्या वेगाने पुढे गेले नाहीत.

मेट्रोला केंद्राची मंजुरी मिळाली आणि २४ डिसेंबर २०१६ ला भूमिपूजन झाले. ६ मार्च २०२२ ला वनाज-गरवारे आणि पिंपरी-फुगेवाडी हे पहिले टप्पे सुरू झाले. सप्टेंबर २०२४ अखेर भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत पोचला आणि सुमारे ३३ किलोमीटरचे पहिले जाळे पुरे झाले. जिल्हा न्यायालयाचे भुयारी स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे, कारण पुढे गाडीला मुठेच्या पात्राखालून जायचे आहे. ज्या नदीने १९६१ साली शहर विस्कटले, तिच्या खालून आज पेठांपर्यंत येता येते.

रखडलेल्या क्रमाची किंमत इथेही मोजावी लागली. हिंजवडी-शिवाजीनगर या तेवीस किलोमीटरच्या मार्गासाठी विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० साली पाडावे लागले. ते पूल गाड्यांसाठी बांधले होते, आणि बांधताना वरून कधी रेल्वे न्यावी लागेल याची सोय ठेवलेली नव्हती.

आता विस्ताराच्या मंजुऱ्या येत आहेत. जून २०२५ मध्ये केंद्राने वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली या मार्गांना मान्यता दिली. वाघोली २०२१ साली पालिकेत आली, पण तिथले टॉवर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. तिथे राहणारी माणसे नगर रस्त्यावरच्या कोंडीत रोज जी वर्षे घालवून बसली, ती त्यांना परत मिळणार नाहीत. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये स्वारगेट ते कात्रज या साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मार्गाला मंजुरी मिळाली होती. हा तोच सातारा रस्ता, जिथे २००६ साली रंगाचे पट्टे ओढून बससाठी वाट राखली होती. पट्ट्यांनी जे साधायचे होते, ते आता बोगद्याने साधायचे आहे, आणि तो होईपर्यंत कात्रजच्या थांब्यावरचा माणूस बसचीच वाट पाहतो आहे.