रात्री दोन वाजता कॅमेऱ्याला काय दिसतं?

दुकानातल्या टीव्हीवर कुठल्याही सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं चित्र झकास दिसतं. वर ट्यूबलाइटचा लख्ख उजेड, समोर आठ-दहा फुटांवर गिऱ्हाईक, पाऊस नाही, किडे नाहीत. घरी मात्र तो उपयोगी पडायचा असतो मृग लागल्यानंतरच्या एखाद्या रात्री: लाईट गेलेली, बेळगावकडच्या जांबोटी-कणकुंबीच्या बाजूने पाऊस आडवा मारतोय आणि फाटकाची कडी कोणीतरी हलवतंय. तेव्हा चेहरा ओळखू येणार की नुसतीच पांढरट सावली दिसणार, याचा निकाल खोक्यावरचा मेगापिक्सलचा आकडा लावत नाही. भिंग कुठलं, उजेड कुठून येतो आणि वायरच्या टोकाला व्होल्ट किती पोचतात, यावर तो लागतो. यातलं बरंचसं खरेदीआधी कागदावर मांडता येतं.

भिंगाचा हिशेब आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत दिलेला आहे. 'कोणीतरी आहे' एवढं कळायला दृश्याच्या दर मीटर रुंदीला २५ पिक्सल पुरतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात आणि अनोळखी माणसाचा चेहरा नंतर पटवता यायला हवा तर २५०. २ मेगापिक्सलच्या चित्रात आडवे १९२० पिक्सल असतात. त्याला २५० ने भागलं की येतात ७.७ मीटर. चेहऱ्याच्या जागी दृश्याची रुंदी याहून जास्त झाली, तर चेहरा हातचा गेला.

आता सर्रास खपणारा २.८ मिलिमीटर भिंगाचा कॅमेरा घ्या. त्याची नजर साधारण १०५ अंशांची. एवढ्या पसरट नजरेत दृश्य ७.७ मीटर रुंद होतं ते अवघ्या ३ मीटरवर, म्हणजे १० फुटांवर. त्यापलीकडचा माणूस दिसतो, पण त्याची ओळख पटत नाही. ४ मिलिमीटरच्या भिंगाने हेच अंतर सव्वाचार मीटर होतं, ६ मिलिमीटरने साडेसात मीटर. उलट भिंग २.८ चंच ठेवून कॅमेरा ४ मेगापिक्सलचा घेतला, तर ३ चे ४ मीटर होतात, बस्स. जादा पैसे मेगापिक्सलवर घालण्याआधी भिंग बदलून मागावं ते यासाठी.

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या जुन्या गल्लीतलं घर असेल, दार थेट रस्त्यावर उघडत असेल, तर दारावरचा एक २.८ चा कॅमेरा बहुतेक काम करतो. खानापूरकडचं अंगण-परडं असलेलं घर किंवा चिकोडी-निपाणीकडची शेतातली वस्ती असेल, तर जोडी लावावी: अंगणभर नजर ठेवायला २.८ चा आणि फाटकावर रोखलेला ६ चा. पहिला काय घडलं ते सांगतो, दुसरा कोणी केलं ते.

उंचीचीही हीच कथा. कॅमेरा चोराच्या हाताला लागू नये म्हणून तो १२ फुटांवर चढवतात आणि मग पडद्यावर फक्त टोप्या आणि हेल्मेटं दिसतात. माणूस १० फुटांवर उभा असेल तर १२ फुटांवरचा कॅमेरा त्याच्याकडे जवळजवळ ३३ अंश वरून बघतो. कॅमेरा ८ फुटांवर आणला की हा कोन १४ अंशांवर येतो आणि टोपीखालचे डोळे दिसतात. चेहऱ्यासाठीचा कॅमेरा ७ ते ८ फुटांवर असावा. तो कोणी फिरवेल ही भीती असेल तर अंगणातला दुसरा कॅमेरा त्याच्यावर नजर ठेवेल असा लावावा.

आपल्याकडे घराचं तोंड बहुधा पूर्वेला. सकाळचा सूर्य थेट भिंगात येतो, तर सोप्यातून बाहेर बघणाऱ्या कॅमेऱ्यात दारातला माणूस काळा ठिक्कर दिसतो. यावर उपाय डब्ल्यूडीआर. त्यात कॅमेरा एक कमी आणि एक जास्त उजेडाचं चित्र घेऊन दोन्ही जोडतो. खोक्यावर '१२० डीबी' किंवा 'ट्रू डब्ल्यूडीआर' असं लिहिलेलं बघावं. नुसतं 'डीडब्ल्यूडीआर' असेल तर ती संगणकी रंगसफेदी असते.

आता रात्र. अंधार पडला की कॅमेऱ्यातून बारीक 'टक्' असा आवाज येतो. संवेदकापुढे दिवसभर असलेली अवरक्त-रोधक काच बाजूला सरकते, त्याचा तो आवाज. मग भोवतालचे ८५० नॅनोमीटरचे एलईडी पेटतात. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, फक्त एलईडींची मंद लाली दिसते. सिलिकॉनच्या संवेदकाला मात्र तो चांगला जाणवतो. चित्र काळं-पांढरं होतं ते यामुळेच. त्यातल्या कपड्यांच्या रंगावर विसंबू नये, अवरक्त प्रकाशात काळा सुती शर्टही पुष्कळदा पांढराफटक दिसतो.

प्रकाश अंतराच्या वर्गाने पातळ होतो. ५ मीटरवरच्या माणसावर जेवढा पडतो, त्याच्या सोळाव्या भागाइतकाच २० मीटरवरच्या माणसावर पडतो. हाच नियम उलटा लावला की पावसाळ्यातलं कोडं सुटतं. भिंगापासून २० सेंटिमीटरवरचा पावसाचा थेंब किंवा कोळ्याचा धागा आणि १० मीटरवरचा माणूस यांच्या अंतरात ५० पट फरक आहे. म्हणजे त्या धाग्यावर माणसापेक्षा २५०० पट प्रकाश पडतो. कॅमेरा त्या झळाळीला भुलून उजेड कमी करतो आणि मागचं सगळं अंधारात जातं. पागोळ्यांच्या आत, वळचणीला अगदी चिकटून लावलेल्या कॅमेऱ्यातही हेच होतं: वरचा वासा चमकतो, अंगण काळं पडतं. आमचं मत स्पष्ट आहे. जिथे पाऊस आडवा येतो तिथे कॅमेऱ्यातले एलईडी सेटिंगमधून बंद करावेत आणि दीड-दोन मीटर बाजूला वेगळा अवरक्त दिवा किंवा साधा १० वॅटचा पांढरा एलईडी लावावा. भिंगाजवळचे थेंब मग उजळत नाहीत. किडे दिव्याभोवती जमतात आणि कोळी जाळं विणतो तेही तिथेच.

पांढऱ्या दिव्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. अंधारात कॅमेरा शटर १/२५ सेकंद उघडं ठेवतो. चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर जातो, म्हणजे शटर मिटेपर्यंत साडेपाच सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. २५० पिक्सलच्या हिशेबाने चेहरा ४० पिक्सल रुंद, आणि त्यातले १४ पिक्सल नुसते फरफटलेले. नाक कुठे आणि कान कुठे ते कळत नाही. थांबून उभा राहिलेला माणूस स्वच्छ दिसतो आणि चालणारा भुतासारखा, ते यामुळे. उजेड पुरेसा असेल तर शटर १/१०० वर बांधून टाकता येतं, मग फरफट दीड सेंटिमीटरच्या आत येते. सेटिंगच्या त्याच पानावर वीजवारंवारता ५० हर्ट्झ करून ठेवा. ती ६० वर राहिली तर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकतात.

एक तक्रार बेळगावपासून अथणीपर्यंत सारखीच ऐकू येते: 'दिवसा कॅमेरा छान चालतो, रात्री बंद पडतो, परत सुरू होतो.' कॅमेरा बदलून दिला तरी दोष जात नाही, कारण दोष वायरीत असतो. दिवसा एलईडी विझलेले असतात आणि कॅमेरा जेमतेम पाव अँपिअर घेतो. रात्री तोच अर्धा अँपिअर ओढतो. ३० मीटर लांब, ०.५ चौरस मिलिमीटर जाडीची खरी तांब्याची वायर असेल तर जाऊन-येऊन रोध २ ओहम, गळती १ व्होल्ट. १२ चे ११ पोचतात, चालतं. पण स्वस्तातल्या '३+१' केबलमध्ये वीज नेणाऱ्या तारा ॲल्युमिनियमच्या, वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या आणि केसासारख्या बारीक असतात. ०.२ चौरस मिलिमीटरची तशी तार असेल तर रोध ८ ओहमच्या आसपास जातो आणि अर्ध्या अँपिअरला ४ व्होल्ट वाटेतच जिरतात. उरलेल्या ८ व्होल्टवर कॅमेरा बेशुद्ध पडतो. बंद झाल्यावर एलईडी विझतात, व्होल्ट परत वर येतात, कॅमेरा जागा होतो, अंधार बघून एलईडी पेटवतो आणि पुन्हा पडतो. पहाटेपर्यंत हेच चक्र.

तपासायला रात्रीची वाट बघायला नको. भरदिवसा कॅमेऱ्यावर काळं फडकं टाका, 'टक्' आवाज आला की एलईडी पेटलेत असं समजा आणि मल्टिमीटर कॅमेऱ्याच्या टोकाला लावा. ११ च्या खाली असेल तर वायर बदला. वायर घेताना तिचं टोक ब्लेडने खरवडा: आत रुपेरी निघालं तर मुलामा. काही मिस्त्री एसएमपीएसवरचा, म्हणजे कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट पुरवणाऱ्या डब्यावरचा स्क्रू फिरवून १४ व्होल्ट करतात. त्याने लांबचा कॅमेरा जगतो, पण जवळचा भाजतो.

नवीन घर बांधत असाल तर थेट आयपी कॅमेरे (नेटवर्क केबलवर चालणारे) आणि त्याच केबलमधून त्यांना वीज देणारा पीओई स्विच घ्या. पीओईमध्ये वीज ४८ व्होल्टच्या आसपास जाते. दाब चौपट, म्हणून प्रवाह चौथाई आणि गळती नगण्य. एकाच कॅट-६ केबलमधून चित्र आणि वीज, १०० मीटरपर्यंत. तीही केबल शुद्ध तांब्याचीच हवी. वायफाय कॅमेऱ्यांबद्दल इतकंच: जांभ्याची दीड फुटी भिंत पावसात भिजली की रेंज बसते, आणि पत्र्याच्या शेडपलीकडे तर विचारूच नका.

पावसाळ्यात मरतो तो बहुधा कॅमेरा नाही, त्याचा सांधा. आयपी ६७ हे धूळ-पाणी आत न शिरण्याचं प्रमाणपत्र कॅमेऱ्याच्या डब्यापुरतं असतं, मागे लोंबणाऱ्या वायरच्या शेपटीला ते लागू नाही. त्या जोडात पाणी शिरलं की एकदिश विजेमुळे विद्युत अपघटन सुरू होतं आणि धन बाजूचं तांबं हिरवं पडून गळत जातं. म्हणून सांधा भिंतीवर उघडा ठेवू नये. ४ बाय ४ इंची पीव्हीसी बॉक्स लावावा, सगळे जोड त्यात, केबल बॉक्समध्ये खालून शिरेल अशी, आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा म्हणजे ओघळ तिथूनच टपकेल. जांभा भुसभुशीत आणि सच्छिद्र, त्यात एक इंची गिट्टी वळवाच्या पहिल्या वाऱ्यात उपटून येते. १० मिलिमीटरचं भोक, अडीच-तीन इंची गिट्टी आणि स्क्रू घ्या. दगडाच्या पोटात बसवा, सांध्यात नको.

वळीव म्हटलं की वीज आली. घर ते गोठा अशी मोकळ्यावरून ताणलेली तांब्याची तार म्हणजे विजेच्या दणक्याला आवतण. जवळपास कुठेही वीज पडली तरी तारेत दाब उसळतो आणि डीव्हीआरचं, म्हणजे चित्र नोंदवून ठेवणाऱ्या डब्याचं पोर्ट जाळतो. दोन इमारतींमधल्या अंतरासाठी फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (विजेचे संकेत प्रकाशात आणि प्रकाशाचे विजेत बदलणारा डबा) हा खात्रीचा उपाय, कारण काचेतून वीज वाहत नाही. ते नको असेल तर दोन्ही टोकांना उसळलेला दाब जमिनीत सोडणारे सर्ज प्रोटेक्टर लावा. पण अर्थिंग धड नसेल तर सर्ज प्रोटेक्टर शोभेचाच. एप्रिल-मेमध्ये जांभ्याची जमीन कोरडी ठाक असते आणि नेमक्या त्याच दिवसांत विजा होतात. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायचं ते तेव्हा.

साठवणुकीचं गणित सोपं. १ मेगाबिट प्रतिसेकंद म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. एच.२६५ या चित्र आटोपशीर करून साठवण्याच्या पद्धतीत २ मेगापिक्सलचा कॅमेरा साधारण २ मेगाबिट घेतो, चार कॅमेरे ८, दिवसाला ८६ जीबी. १ टीबीत ११ दिवस, २ टीबीत २३. चोरी कधीकधी गावाहून परत आल्यावर लक्षात येते, म्हणून २ टीबी. डिस्क देखरेखीसाठी बनवलेलीच घ्या. संगणकाची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी घडवलेली नसते. चार कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर मिळून ४५-५० वॅट लागतात. घरच्या १५० एएच इन्व्हर्टरवर दुसरा भार नसेल तर ते २० तासांच्या आसपास चालतं. डीव्हीआर इन्व्हर्टरवर आणि राउटर साध्या प्लगवर अशी चूक नेहमी होते. लाईट गेली की नोंद चालू राहते, पण मोबाईलवर काही येत नाही.

पासवर्ड मिस्त्रीने ठेवलेलाच राहू देऊ नका. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने साठेक ठरावीक नावं-पासवर्ड आजमावत जगभरचे लाखो डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते. राउटरमधलं यूपीएनपी, म्हणजे इंटरनेटवरून आत यायला आपोआप वाट उघडून देणारी सोय, बंद करा. घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं लावा. वेळ वीस मिनिटं चुकली तरी पोलीस तपासात गोंधळ होतो. चोरी झाल्यावर पडद्याचा मोबाईलने व्हिडिओ काढून भागवू नका. मूळ फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, डिस्क तशीच राहू द्या. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्या फाइलसोबत प्रमाणपत्र लागतं. शेजाऱ्याचं न्हाणीघर, खिडकी चौकटीत येत असेल तर 'प्रायव्हसी मास्क'ने ती जागा काळी करा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली संमतीविना खासगी अंगाचं चित्रण केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फाटकावर 'कॅमेरा चालू आहे' ही पाटी कन्नड आणि मराठी, दोन्हीत लावा.

मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देण्याआधी एक रात्र घ्या. अंगणातले दिवे रोजच्यासारखे ठेवून, रेनकोट घातलेल्या कोणाला तरी फाटकापासून दारापर्यंत नेहमीच्या चालीने चालायला सांगा. थेट चित्र बघू नका, नोंद झालेलं बघा. ते थांबवून चेहरा मोठा करा आणि त्या माणसाला न ओळखणाऱ्याला दाखवा. मग मधेच मेन स्विच पाडून रेनकोटवाल्याला पुन्हा चालायला लावा. भिंगाची काच वर्षातून दोनदा पुसायची, मृगाच्या आधी आणि खंडेनवमीच्या साफसफाईत. आधी मऊ ब्रशने जाळं काढा, मग ओल्या सुती फडक्याने हलकेच टिपा. केरसुणी लावू नका, तिने चरे पडतात आणि रात्री प्रत्येक चरा चमकतो.