रहस्य की सस्पेन्स? 'शटर आयलंड' दुसऱ्यांदा बघताना

आमच्या बेळगावात खून असलेला कुठलाही सिनेमा 'सस्पेन्स'च असतो. रहस्य हा शब्द लायब्ररीतल्या कादंबऱ्यांच्या कपाटापुरता उरलाय. दोन्ही एकच, असं मीही धरून चाललो होतो. 'शटर आयलंड' परत लावला तेव्हा घोटाळा लक्षात आला. (सिनेमा बघितला नसेल तर इथंच थांबा, पुढं सगळं फोडलंय.)

आधी आपल्या गावचं उदाहरण घेऊ. ऑगस्ट 2022 मध्ये जाधवनगरात बिबट्या आला आणि मग गोल्फ मैदानाच्या झाडीत दडला. आजूबाजूच्या शाळा बंद, शोधायला हत्ती आणलेले. आता समजा, परसात पंज्याचे ठसे उमटलेत आणि जनावर कुठलं ते कळत नाही, तर ते रहस्य. बिबट्या झाडीत आहे हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे आणि पेपर न वाचलेले एक काका पहाटे छत्री घेऊन त्याच वाटेनं फिरायला निघालेत, तर तो सस्पेन्स. रहस्यात आपल्याला कमी ठाऊक असतं, सस्पेन्समध्ये पडद्यावरच्या माणसापेक्षा जास्त. सस्पेन्सपटांचा नामवंत दिग्दर्शक हिचकॉक हेच टेबलाखालच्या बॉम्बवरून समजावायचा: न सांगता फुटला तर 15 सेकंदांचा धक्का, आधी सांगून ठेवलं तर 15 मिनिटं जीव टांगणीला.

डेनिस लेहेनची कादंबरी 2003 ची, स्कॉर्सेसीचा सिनेमा 2010 चा. काळ 1954. बॉस्टनजवळच्या बेटावर मनोरुग्ण गुन्हेगारांचं इस्पितळ आहे. तिथून एक बाई गायब होते आणि मार्शल (अमेरिकेतला केंद्र सरकारचा पोलीस अधिकारी) टेडी साथीदार चकला घेऊन तपासाला येतो. खरं म्हणजे टेडीच तिथला रुग्ण आहे आणि चक त्याचा डॉक्टर शीहन.

पहिल्यांदा बघताना मी बाईच्या मागावर होतो. दाराशी पिस्तूल जमा करताना चकला ते कमरेवरून धड सोडवता येत नाही, हे तेव्हा डोळ्यांसमोरून तसंच निघून गेलं. दुसऱ्या वेळी तेवढंच दिसलं! मार्शलला स्वतःचं पिस्तूल निघेना? पहारेकरी बंदुका सरसावून उभे असतात, ते मला बेटाचं वातावरण वाटलं होतं. ते टेडीलाच घाबरलेले असतात.

आणि ती चौकशी! टेडी एका रुग्ण बाईला विचारतो, डॉक्टर शीहन कसे आहेत? ती बोलता बोलता चककडं बघते. चक पाणी आणायला उठला की टेडीच्या वहीत लिहिते, 'पळ'. पहिल्यांदा हा पुरावा होता. दुसऱ्यांदा मी खुर्चीच्या कडेला सरकलो, कारण शीहन समोरच बसलाय हे टेडी सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. फ्रेम एकही बदललेली नाही, पण रहस्यपट संपून तिथं सस्पेन्स सुरू झालेला.

हिचकॉकनं 'व्हर्टिगो'त (1958) तर परत बघायचीही वाट पाहिली नाही. मूळ फ्रेंच कादंबरी गुपित शेवटपर्यंत राखते, यानं ते बऱ्याच आधी प्रेक्षकांना सांगून टाकलं. नायक मात्र अंधारातच. कादंबरीच्या भक्तांना राग येईल, पण मला हिचकॉकचंच पटतं.

आमची आई मात्र दारातूनच म्हणाली, "शेवट ठाऊक आहे की तुला, परत काय बघायलास?" मी तिला चक कोण ते सांगून टाकलं आणि शेजारी बसवलं. तिनं सिनेमा आधी बघितलाच नव्हता. अर्ध्या तासानं टीव्हीकडं हात करून ओरडली, "अरे बाबा, त्याला काय सांगायलास सगळं? तोच डॉक्टर आहे की!"